बेळगाव-खानापूर-निपाणी भाग: घरच्या मोठ्यांचे फोन आणि फसवणूक. अनुभव, उपाय इथे लिहा

वडगावकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत चार-पाच जणांना एकच मेसेज आला. "प्रिय ग्राहक, मागील बिल अपडेट नसल्याने आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. त्वरित अधिकाऱ्यांशी संपर्क साधा. महावितरण." खाली एक मोबाईल नंबर.

आता बेळगावात वीज देते हेस्कॉम. महावितरणचा इथे काय संबंध? तरुण पोरं हसली आणि मेसेज पुसून मोकळी झाली. पण शेजारच्या काकू बिल घेऊन आमच्या दारात. हेस्कॉम-महावितरण हा फरक त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. त्यांचं म्हणणं असं, "एवढं शुद्ध मराठी लिहिलंय म्हणजे ऑफिसातूनच आलं असणार की."

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. आपल्याकडे बँकेचा, लाईटचा, ग्रामपंचायतीचा खरा मेसेज येतो कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. साठीच्या पुढच्या मराठी माणसाला दोन्ही वाचता येत नाहीत, म्हणून तो तसाच पडून राहतो. आणि चोर मात्र घरच्या भाषेत, अहो-जाहो करत बोलतो. पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेले 'सावध राहा'वाले लेख आपल्याकडे अर्धेच लागू पडतात ते यामुळे. म्हणून आपल्या भागापुरता वेगळा धागा. काय घडलं, काय केलं, लिहा. बँकेचं किंवा माणसाचं नाव नको.

उचगावचा_रताळीवाला

मलाबी आलता तो मेसेज. नंबरवर फोन केला म्हटलं बघूया काय म्हणतोय. "सर दहा रुपये भरून कनेक्शन अपडेट करा, त्यासाठी एक अ‍ॅप टाका." अ‍ॅप कसलं, तर आपल्या फोनची स्क्रीन त्याला दिसायचं अ‍ॅप. मी म्हटलं माझा साधा बटणाचा फोन हाय. लगेच ठेवला.

बँकेतला_एक

नाव-गाव सांगत नाही, पण काउंटरवर रोज हेच बघतो. रताळीवाल्यांनी सांगितलं ते बरोबर. दहा रुपये हे फक्त निमित्त. स्क्रीन दिसली की तुम्ही टाकलेला पिन आणि आलेला ओटीपी दोन्ही त्याला दिसतात.

पैसे गेलेच तर काय, हे आधी लिहितो, कारण लोक इथेच वेळ घालवतात. घरात चर्चा, मग भाच्याला फोन, मग दुसऱ्या दिवशी बँक उघडल्यावर आमच्याकडे. तोवर पैसे चार खाती फिरून एटीएममधून बाहेर. तसं न करता आधी १९३० ला फोन लावा. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर. कन्नड येत नसेल तर हिंदीत बोला. ते यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक), तारीख, वेळ, रक्कम विचारतात आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लगेच कळवतात. तिथे शिल्लक असेल तर ती अडवून ठेवता येते. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर तक्रार पुरी करा. त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेच्या ग्राहकसेवेला सांगून खातं, कार्ड, यूपीआय बंद करून घ्या आणि तक्रार क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

नुकसान कोणाचं, हा पुढचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, बाहेर कुठेतरी गळती झाली, अशा वेळी बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत सांगितलं तर तुमच्यावर काही येत नाही. चार ते सात दिवसांत सांगितलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतं. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून 'आता गेलेच आहेत, उद्या बघू' हे सगळ्यात महागात पडतं.

खरं-खोटं ओळखायला अलीकडे दोन सोयी झाल्यात. बँकांना आपापल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. पत्त्याचा शेवट तसा नसेल तर तिथे पासवर्ड टाकू नका. दुसरी सोय मेसेजची. कंपनीचा किंवा सरकारचा मेसेज ज्या नावाने येतो त्याच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी असेल तर जी. बँक किंवा वीज कंपनी म्हणवणारा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर विचारच करायचा नाही. हे ओळखायला ना कन्नड लागतं ना इंग्रजी, म्हणून मुद्दाम सांगितलं.

टिळकवाडी_कट्टा

सगळं ठीक, पण मूळ उपाय कोणी बोलत नाही. कर्नाटकात राहायचं तर कन्नड वाचायला शिका. प्रश्न मिटला.

कडोलीची_सून

माझ्या सासूबाई बाहत्तर वर्षांच्या. मराठी शाळेत चौथी. बाजारात कन्नड फर्राटेदार बोलतात, वाचता येत नाही. आता त्यांना बाराखडी गिरवायला बसवू? आणि शेजारच्या गौडांच्या घरात सगळे कन्नडच वाचतात, तरी त्यांच्या आप्पांचे पैसे गेलेच. त्यांना फोन आला हिंदीतून.

टिळकवाडी_कट्टा

म्हणजे मग भाषेचा प्रश्नच नाही ना? धागाकर्त्याचा मुद्दाच गेला.

वडगावकर

गेला कसा? गौड आप्पांना खरा मेसेज वाचता येतो. 'खात्यातून इतके गेले' हे त्यांना त्याच मिनिटाला कळलं असणार. आमच्या काकूंना ते दुसऱ्या दिवशी कोणीतरी वाचून दाखवल्यावर कळतं. वरती बँकवाल्यांनी लिहिलंय वेळ किती महत्त्वाची ते.

संपादक मंडळ

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडे भरपूर जागा आहे. इथे फोनवरच बोला.

अनगोळ_मोबाईल

माझं दुकान आहे मोबाईल रिपेअरीचं. भाषेवर एक सोपा उपाय: कन्नड मेसेजचा स्क्रीनशॉट काढायचा, गूगल लेन्समध्ये उघडायचा, भाषांतर मराठी निवडायचं. भाषांतर ओबडधोबड येतं, पण 'तुमच्या खात्यातून पैसे गेले' आणि 'तुमचं बिल भरलं गेलं' यातला फरक कळतो. मी दुकानात आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर हे पहिल्या पानावर आणून देतो. मेसेजमधल्या लिंकला मात्र बोट लावायचं नाही, फक्त फोटो.

आता खरं दुखणं. लग्नसराई आली की माझ्याकडे एकाच रोगाचे फोन येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्याच नंबरवरून पत्रिका येते. नाव 'लग्नपत्रिका', वर गणपतीचा फोटो, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट एपीके. पत्रिका असते फोटो नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे अ‍ॅप. दुचाकीच्या चलनाच्या नावाने, पीएम किसानच्या नावाने, बँकेच्या केवायसीच्या नावानेही तेच येतं.

नुसती फाइल उतरली म्हणून काही होत नाही, हे लक्षात ठेवा, उगीच घाबरू नका. दाबल्यावर फोन विचारतो, 'अज्ञात स्रोतावरून इन्स्टॉल करू द्यायचं का?' तिथे हो म्हटलं, पुढे एसएमएस वाचायची परवानगी दिली, की खेळ संपला. तुमचे ओटीपी त्याच्याकडे. वर तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच पत्रिका पाहुण्यांना जाते. म्हणून ती नेहमी ओळखीच्या नंबरवरून आलेली दिसते.

टाकलं गेलंच असेल तर पहिलं काम फ्लाइट मोड, आणि वायफाय पण बंद. बँकेला फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून. मग सेटिंगमध्ये अ‍ॅप्सची पूर्ण यादी बघा. ही अ‍ॅप्स आपलं चित्र लपवतात, होम स्क्रीनवर शोधून सापडत नाहीत. काढताना 'काढता येत नाही' आलं तर आधी 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' मधून परवानगी काढावी लागते. जमत नसेल तर फोटो दुसरीकडे घेऊन फोन पूर्ण रिसेट. आणि आजच एक करून ठेवा: सेटिंगमध्ये 'अज्ञात अ‍ॅप्स इन्स्टॉल करा' शोधा, त्यात व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोम बंद ठेवा.

हिंडलगा_माजी_सैनिक

राम राम. सैन्याच्या नावावर चालणाऱ्या धंद्याबद्दल लिहितो, कारण बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे म्हणून इथे तो हमखास चालतो. स्कूटर, फ्रिज, सोफा विकायची जाहिरात. "मी जवान आहे, बदली झाली, सामान लवकर काढायचंय." विश्वास बसावा म्हणून आयकार्ड आणि कँटीन कार्डाचा फोटो पाठवतो. मग "गाडी ट्रान्सपोर्टला दिलीय, आधी भाडं टाका." भाडं टाकलं की गेट पासचे, मग विम्याचे. उलट बाजूनेही होतं. तुमचं घर भाड्याने घ्यायचंय, ॲडव्हान्स देतो म्हणतो, पण "आमच्या खात्यातून पैसे घ्यायला तुम्हाला हा क्यूआर स्कॅन करावा लागेल, सैन्याची पद्धत आहे."

अशी कुठलीही पद्धत नाही. पैसे घ्यायला कधी स्कॅन किंवा पिन लागत नाही, जवानाकडूनही नाही. आणि खरा जवान आपलं आयकार्ड अनोळखी माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही, तशी परवानगीच नसते.

पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरात जपा. हयातीच्या दाखल्याच्या नावाने फोन येतात, "स्पर्शमधून (सैन्याच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) बोलतोय, पेन्शन थांबेल, ओटीपी सांगा." जीवन प्रमाणपत्र ठशावर, चेहऱ्यावर किंवा बँकेत जाऊन होतं. फोनवर ओटीपी सांगून कोणी तुमचं पेन्शन वाचवत नाही.

निपाणीहून

सगळे फोनमधल्या चोराचं बोलतायत. मी समोर बसलेल्याचं बोलते. आई विड्या वळायची, आता कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात. पैसे आले का बघायला ती गावातल्या एका दुकानात फोन घेऊन जायची. फोनच्या कव्हरमागे चिठ्ठीवर पिन लिहिलेला. तो पोरगा फोन घ्यायचा, चिठ्ठी बघायचा, "मावशी, आले नाहीत अजून" म्हणायचा. वर्षभराने पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, पैसे दर महिन्याला येत होते आणि दर महिन्याला जात होते.

ठशाच्या मशीनवर तर पिनही लागत नाही. आधार नंबर आणि अंगठा, एवढ्यावर एका वेळी दहा हजारांपर्यंत निघतात. "मावशी, ठसा लागला नाही, परत द्या." दोनदा दिला म्हणजे दोनदा निघाले असू शकतात. आता आईला सांगितलंय, पावती छापून मिळाल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, दुसऱ्यांदा अंगठा मागितला तर पहिल्या वेळची फेल पावती मागायची. हप्ता आला का ते डीबीटी कर्नाटक अ‍ॅपमध्ये मीच इथून बघते.

बँकेतला_एक

निपाणीच्या ताईंनी लिहिलंय ते आमच्याकडेही सारखं दिसतं, आणि लोक तक्रार करत नाहीत कारण पोरगा ओळखीतला. ठशाची भीती असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, एमआधार अ‍ॅपमधून किंवा आधारच्या साइटवरून. २०२३ मध्ये मंगळूर आणि बेंगळुरूकडे जमिनीची नोंदणी केलेल्या लोकांच्या खात्यांतून अशाच ठशावरून पैसे गेल्याच्या तक्रारी झाल्या होत्या, त्यामुळे नुकतंच खरेदीपत्र केलेल्यांनी हे कराच. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही. जायच्या आधी तात्पुरतं उघडायचं, दहा मिनिटांनी आपोआप परत बंद होतं.

खानापूरची_लेक

मार्च २०२५ मध्ये आमच्या तालुक्यात 'डिजिटल अरेस्ट'च्या छळाला कंटाळून एका वृद्ध जोडप्याने जीव दिला, ते सगळ्यांना आठवत असेल. पन्नास लाखांवर रक्कम गेली होती. त्यानंतर लोक म्हणत होते, शिकलेली माणसं, असं कसं फसतात. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास बसवून ठेवलं, कोणाशी बोललास तर मुलाला अटक करू म्हटलं, की शिक्षण कुठे उरतं? यात त्यांची मुख्य चाल एकच, माणसाला एकटं पाडायचं.

कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असं काही नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. कुठलाही पोलीस, सीबीआय, कोर्ट व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि 'तपासणीसाठी' पैसे आपल्या खात्यात मागत नाही. आमच्या घरी ठरवलंय, फोनवर कोणी "घरात सांगू नका" म्हटलं की तिथेच फोन ठेवायचा आणि दार उघडून शेजारच्याला हाक मारायची. आणि कोणी असं फसलंच तर त्याला बोल लावू नका. पैशाचं बघू, आधी माणसाजवळ बसा.

पुण्यात_मूळचा_सांबऱ्याचा

वाचून घाबरलो. मी बाबांचं यूपीआय काढूनच टाकतो. साधा फोन देतो.

वडगावकर

तसं नको. बाबांना दूध, भाजी, औषधाला दर वेळी तुमची वाट बघावी लागेल, मग ते कोणाकडे तरी फोन देतील आणि निपाणीसारखं होईल. माझं मत असं: दोन खाती. पेन्शन आणि ठेवी एका खात्यात, त्याला ना यूपीआय ना कार्ड. दुसरं छोटं खातं यूपीआयला, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच. गेले तर तेवढेच जातील. खात्याच्या मेसेजसाठी बाबांच्या नंबरसोबत तुमचा ईमेल लावून घ्या, म्हणजे तुम्हालाही लगेच कळतं.

आणि बाबांच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी साइटवर बघा. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ चालतात. ओळखीचं नसलेलं दिसलं तर तिथेच 'माझा नंबर नाही' म्हणून कळवता येतं.

मार्केट_यार्ड

आमच्या व्यापाऱ्यांचा प्रश्न वेगळा हाय. माल दिला, गिऱ्हाईकानं यूपीआय केलं, आणि महिन्याभरानं खातं गोठलं. का, तर ते पैसे कुठल्या तरी फसवणुकीतले होते, तक्रार लांबच्या राज्यात. आम्ही बिल, वजनपावती, गाडी नंबर सगळं दिलं, मग कुठं सुटलं. म्हणून सांगतो, मोठ्या रकमेला बिल फाडाच आणि पैसे तिसऱ्याच्याच नावानं आले तर विचारा.

अजून एक, पोरांना आवरा. "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो" म्हणणारे कॉलेजच्या बाहेर फिरूलालेत. पासबुक, एटीएम, सिम देऊन टाकतात पोरं. उद्या पोलीस आले की चोर म्हणून पोराचंच नाव.

चंदगडला_दिलेली

माहेर बेळगुंदी, सासर चंदगड. आमच्याकडे दोन्ही राज्यांच्या योजनांची फसवणूक एकाच व्हॉट्सअ‍ॅपवर येते :) लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा खोट्या साइटच्या लिंक फिरत होत्या. माहेरच्या ग्रुपवर पण कोणीतरी टाकलं, "सीमाभागातल्या बहिणींनाही मिळणार, आधार आणि ओटीपी भरा." लाडकी बहीणला महाराष्ट्राची रहिवासी असावं लागतं. मात्र महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू केल्याचं खरं आहे, आणि म्हणूनच लोकांना दुसरंही खरं वाटतं. अशा वेळी माहेरच्यांना मी एवढंच सांगते, ग्रुपवरची लिंक सोडा, कागद घेऊन कार्यालयात किंवा ग्राम वनला (गावातलं सरकारी सेवा केंद्र) जा.

शहापूर_साडी

उशिरा विचारतेय. आमच्या भिशीच्या ग्रुपमधल्या एकीने मेसेज केला, "चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्या फोनवर गेलाय, पाठव ना." पाठवू का? तिचा फोन लागत नाहीये.

अनगोळ_मोबाईल

अजिबात पाठवू नका, ताई. तो तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपचा कोड आहे. तिचं खातं आधीच दुसऱ्याच्या हातात गेलंय, आता तुमचं घ्यायचंय. तिला साध्या कॉलवर गाठा, नाहीतर घरी कोणाला तरी पाठवा. ग्रुपवर बाकीच्यांना कळवा, भिशीचे पैसे या महिन्यात कोणीही तिच्या नंबरवर टाकायचे नाहीत. मग स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. 'लिंक केलेली डिव्हाइसेस' मध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट.

शहापूर_साडी

केलं. तिच्या जावेला फोन लागला. तिचा फोन सकाळपासून बंदच आहे म्हणे, आणि दोघींनी तिच्या नंबरवर पैसे टाकलेत. कुठं जायचं त्यांनी?

बँकेतला_एक

दोघींनी आत्ताच, वेगवेगळं, १९३० ला फोन करा. दोघींच्या तक्रारी वेगळ्या लागतात. नंतर सीईएन पोलीस ठाणं, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं. शहराचं वेगळं, जिल्ह्याचं वेगळं. शहापूर शहरात येतं. एफआयआर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही घेता येतो, 'आमची हद्द नाही' म्हटलं तर झिरो एफआयआर मागा. यूटीआर नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट आणि पासबुकाची झेरॉक्स सोबत न्या. चॅट पुसू नका.